हवेच्या निर्देशांकात न दिसणारे विष

हिवाळ्यात उत्तर भारतातील शहरांच्या हवेचा गुणवत्ता निर्देशांक दररोज बातम्यांत झळकतो. मात्र राष्ट्रीय मानके ठरलेल्या बारा प्रदूषकांपैकी आठांचाच या निर्देशांकात समावेश आहे. वगळलेल्या चारांमध्ये बेंझो-ए-पायरिन हे कर्करोगकारक संयुग आहे.

हे संयुग बहुचक्रीय अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन या कुळातील आहे. कार्बन अणूंची वलये एकमेकांना जोडली जाऊन हे रेणू बनतात. दोन वलयांचे नॅप्थलीन डांबरगोळ्यांमुळे घरोघरी परिचित आहे. बेंझो-ए-पायरिनमध्ये पाच वलये असतात. लाकूड, कोळसा, डिझेल किंवा कचरा अपुऱ्या प्राणवायूत जळाल्यास ही संयुगे तयार होतात. वणव्यांतूनही ती हवेत मिसळतात, तर खनिज तेलात ती मुळातच असतात. निसर्गाला ती नवी नाहीत; दाट वस्तीत रोज श्वासावाटे शरीरात जाणे, हा खरा धोका आहे.

धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी असल्याचे लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच नोंदवले होते. १९३३ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी कोळशाच्या डांबरातून बेंझो-ए-पायरिन वेगळे केले.

भारताने नोव्हेंबर २००९ मध्ये या संयुगासाठी मर्यादा निश्चित केली : घनमीटर हवेत वार्षिक सरासरी एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश भाग. २०१५ मध्ये सुरू झालेला निर्देशांक मात्र चोवीस तासांच्या किंवा त्याहून कमी अवधीच्या मानकांवर आधारलेला आहे. साहजिकच केवळ वार्षिक मानक असलेले हे संयुग त्यातून सुटले. शिवाय त्याच्या मोजणीसाठी धूलिकण गाळणीवर गोळा करून प्रयोगशाळेत त्यांचे पृथक्करण करावे लागते.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचा भरही धूलिकण घटवण्यावरच आहे. परंतु रस्त्यावरील धूळ आणि कचऱ्याच्या आगीतील काजळी वजनात सारखी भरली, तरी तिचा घातकपणा सारखा नसतो. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅसजोडणी घरात पोहोचवली. पुढचे सिलिंडर परवडले नाही, तर चूल पुन्हा पेटते आणि तिचा धूर सर्वप्रथम स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्याच फुप्फुसात जातो.

या संयुगाचे शहरवार वार्षिक आकडे निर्देशांकाच्या जोडीने ठळकपणे लोकांसमोर आले, तर आधी कोणता धूर रोखायचा, हे ठरवणे सोपे होईल. मानक ठरवणे ही पहिली पायरी होती. ते नागरिकांच्या नजरेस आणणे अद्याप बाकी आहे.