इंजिनाची आग आणि एक कडी

वडीगोद्रीस विमानतळ नाहीं. रात्रीं डोक्यावरून जाणारे दिवे तेवढे आमच्या परिचयाचे. तथापि आमच्या नातवानें विमानदुरुस्तीचें शिक्षण घेण्याचा मनोदय प्रकट केल्यापासून घरांत दुसरा विषय नाहीं. “त्यांत काय आहे, आजोबा? पुस्तकांत लिहिलें तसें करावयाचें आणि सही ठोकावयाची,” असें तो म्हणाला. त्या सहीच्या शब्दानें आम्ही जरा बिचकलों.

विमानाच्या इंजिनांत अग्नि असतोच. तो दहनकोठींत कोंडलेला असतो एवढेंच. इंधनाची नळी फुटून तें तापलेल्या धातूवर पडलें, कीं तो बाहेर आलाच म्हणून समजावें. १२ ऑक्टोबर १९७६ रोजीं मुंबईहून मद्रासकडे निघालेलें इंडियन एअरलाइन्सचें कॅराव्हेल विमान असेंच गेलें. इंजिनांत हवा दाबणाऱ्या चकत्यांपैकीं दहाव्या टप्प्याची चकती धातूच्या थकव्यानें तडकून फुटली, इंधनवाहिनी तुटली, आग लागली. वैमानिक मागें फिरले. पण धावपट्टी गांठण्यापूर्वींच विमान कोसळलें. ९५ जणांपैकीं एकही वाचला नाहीं. येथें कोणा एकाचा हात चुकला असें आम्ही म्हणत नाहीं; असा तडा नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं.

परंतु आमची झोंप उडविली ती लंडनच्या हकीकतीनें. २४ मे २०१३ रोजीं हीथ्रोहून ओस्लोस निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या एअरबस विमानाच्या दोन्ही इंजिनांचीं झाकणें उड्डाणाच्या वेळींच उडून गेलीं. रात्रीं दोघां कारागिरांनीं तीं तपासणीसाठीं उघडलीं होतीं. तेल भरण्याचें साहित्य जवळ नव्हतें. म्हणून झाकणें खालीं सोडून, कड्या न लावतां ते निघून गेले. साहित्य घेऊन परतले ते भलत्याच विमानापाशीं! तेथें झाकणें बंद. कोणी दुसऱ्यानें लावलीं असतील, असें त्यांनीं मानलें. सकाळीं विमानाभोंवतीं फेरी घालणाऱ्यांसही कांहीं दिसलें नाहीं. कड्या इंजिनाच्या पोटाखालीं, वांकल्याशिवाय दिसावयाच्या कशा? उडालेल्या झाकणानें इंधननळी फोडली आणि परततांना उजवें इंजिन पेटलें. ८० जण जिवंत उतरले, ही ईश्वराची कृपा.

‘कोणी दुसऱ्यानें केलें असेल’ हें वाक्य आम्हांस नवें नाहीं. शिक्षकीच्या काळांत एका निकालपत्रावर, बेरीज सहकाऱ्यानें पाहिली असेल या भरंवशावर, आम्हीं सही केली होती. एक मुलगा दहा गुणांनीं नापास झाला. चूक उमगली तेव्हां पावसाळा उलटला होता आणि तो मुलगा औतामागें होता. तो पुन्हां शाळेंत आला नाहीं. आजही बाजारांत भेटला तर वांकून नमस्कार करतो; तो आमच्यानें घेववत नाहीं.

नातवास हें प्रथमच सांगितलें. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “आतां त्या कडीला किल्ली बसविली आहे, आजोबा. कडी लागल्याशिवाय किल्ली निघत नाहीं, आणि ती वैमानिकाच्या कक्षांत नेऊन ठेवावी लागते.” हें त्यानें कधीं वाचलें कोण जाणे!

प्रवेशाच्या अर्जावर आमची सही हवी आहे. दोन पानें वाचून झालीं. तिसरें उद्यां सकाळीं, उजेडांत वाचूं.