लेबलवर न दिसणारं

आमच्या अर्विंगमधल्या मराठी मंडळींत हल्ली क्रीमच्या लेबलांची फार चर्चा असते. ‘पीईजी’ दिसलं की डबी परत ठेवायची! मला ही भीती अर्धवट वाटते. क्रीममधलं तेल आणि पाणी एकजीव राहावं म्हणून हे इमल्सिफायर घालतात. खरा प्रश्न आहे तो ते बनवताना इथिलीन ऑक्साइड वापरल्यामुळे मागे राहणाऱ्या १,४-डायॉक्सेनचा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कॅन्सर झाला आहे. कारखान्यात ते बरंचसं काढता येतं. पण तो मुद्दाम घातलेला घटक नसल्याने लेबलवर येत नाही. नारळापासून बनवलेल्या इमल्सिफायरमध्येही ते असू शकतं.

न्यूयॉर्क राज्याने २०२२च्या अखेरीपासून सौंदर्यप्रसाधनांत दहा लाखांत १० भाग अशी मर्यादा घातली. शाम्पूसारख्या वस्तूंना आधी २, वर्षभराने १. एफडीएने मात्र देशभरासाठी अशी मर्यादा ठरवलेली नाही. न्यूयॉर्कच्या बाळाला जे संरक्षण, ते टेक्सासच्या बाळाला का नको? सुट्टीला जाताना हीच लोशनं आपण गावी आई-मावशीलाही नेतो. म्हणून नावाला घाबरण्यापेक्षा कंपनीला ईमेल करा आणि विचारा, ‘तुमच्या मालात डायॉक्सेन किती?’