नुसत्या यंत्राने भागत नाही

हृदय दुबळे झालेल्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले, तर ते बहुधा अंगात साठलेले पाणी असते. ते वेळीच कळावे म्हणून अमेरिकेत १,६५३ जणांवर चाचणी झाली. निम्म्यांनी रोज स्वयंचलित फोनवर वजन आणि लक्षणे कळवायची होती. २०१० मध्ये निष्कर्ष आला: फायदा शून्य. जर्मनीतल्या, २०१८ मध्ये निष्कर्ष आलेल्या चाचणीत मात्र वजन, रक्तदाब, ईसीजी पाहायला चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका होत्या. वर्षाला शंभर रुग्णांमागे मृत्यू अशी देखरेख नसलेल्यांत ११.३, असलेल्यांत ७.९. म्हाताऱ्यांना यंत्र झेपत नाही म्हणावे, तर तिथले सरासरी वय सत्तर होते. माणसे नेमायला खर्च येतो, हे खरेच. पण कोणी न वाचलेला आकडा त्याहून महाग पडतो. रुग्णालयांनी उपकरण घरी देण्याआधी रात्री फोन कोण उचलणार, ते ठरवावे.