निसर्गनिरीक्षण : दोन तांबूस गुंजनपक्षी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें आतां क्यालिफोर्नियांत स्थायिक झालीं आहेत, व त्यांच्या घरीं चार-सहा महिने राहून येणाऱ्या वडील मंडळींस तेथील अंगणांतल्या गुंजनपक्ष्याचें मोठें कौतुक वाटतें. हा आपल्या शिंजिराचा आप्त असावा, असा अनेकांचा समज होतो; पण तसें नाहीं. गुंजनपक्ष्यांचें कुल दोन्ही अमेरिका खंडांबाहेर आज कोठेंच आढळत नाहीं. शिंजीर बहुधा डहाळीवर बसून मध पितो. हा हवेंत अधांतरीं राहून पितो. साम्य आहे तें केवळ व्यवसायाचें.

परंतु आज आम्हांस सांगावयाचें आहे तें त्या कुलांतील दोन भावंडांविषयीं. एकाचें नांव रूफस, दुसऱ्याचें आलन. दोन्ही पक्षी जेमतेम तीन-चार ग्राम वजनाचे. दोहोंच्या नरांचा गळा निखाऱ्यासारखा, कुशी व शेपूट तांबूस. पाठ तांबडी तर रूफस, हिरवी तर आलन, अशी खूण सर्रास सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. सबंध पाठ तांबडी दिसल्यास रूफस म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. पण कांहीं रूफस नरांचीही पाठ बरीचशी हिरवी असते, आणि मग शितावरून भाताची परीक्षा करूं जातां फसगत होते.

खरा निवाडा शेपटीकडे आहे. तिच्यांत दहा पिसें. मधल्या जोडीलगतचें जें पीस, त्याच्या टोकाशीं प्रौढ रूफस नरास एक खांच असते. आलन नरास ती नसते, व त्याचें सर्वांत बाहेरचें पीस फारच अरुंद असतें. नुसत्या डोळ्यांनीं हें दिसणें कठिण. मात्र प्रतिस्पर्ध्यास हांकलतांना हे पक्षी शेपूट पंख्याप्रमाणें पसरतात. तेवढ्यांत छायाचित्र साधलें तर काम झालें.

स्थळकाळाचाही आधार घ्यावा. रूफस ऑरेगनपासून अलास्कापर्यंत घरटीं करतो, हिंवाळ्यांत मुख्यतः मेक्सिकोंत असतो, आणि क्यालिफोर्नियांत तो वाटसरू. आलनचें माहेर म्हणजे क्यालिफोर्निया व दक्षिण ऑरेगन येथील समुद्रकांठची चिंचोळी पट्टी; लॉस एंजेल्सकडे तर त्याची एक जात बारमास राहते. तेव्हां सानफ्रान्सिस्कोच्या परिसरांत तांबूस कुशीची मादी घरट्यावर बसलेली आढळल्यास ती आलन समजावी. एरव्हीं उडत्या मादीवरून निर्णय करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. जेथें दोहोंच्या हद्दी भिडतात तेथें संकरही होतो, हें वेगळेंच.

एवढी चिकित्सा कशास, असें कोणी विचारील. रूफसची संख्या घटत चालल्यामुळें २०१८ सालीं त्याची गणना संकटाच्या उंबरठ्यावरील पक्ष्यांत झाली. आणि अशी गणती करतांना हल्लीं घरोघरच्या निरीक्षकांच्या नोंदीही विचारांत घेतल्या जातात. हिरव्या पाठीचा प्रत्येक नर डोळे मिटून आलन म्हणून नोंदला, तर रूफस आहेत त्याहून कमी भासतील. उलट प्रत्येक मादी रूफस ठरविली, तर नसलेले रूफस कागदावर वाढतील. शंका असेल तेथें ‘रूफस किंवा आलन’ इतकेंच लिहावें. जाणते निरीक्षकही तसेंच लिहितात.

पक्षी जवळ यावे म्हणून साखरेचें पाणी टांगावयाचें असल्यास एक भाग पांढरी साखर व चार भाग पाणी घ्यावें. त्यांत रंग घालूं नये, मध तर मुळींच नको. आणि उन्हाळ्यांत तें पाणी दोन दिवसांपेक्षां अधिक ठेवूं नये.