दिसणाऱ्या भाषेसाठी जागा

सार्वजनिक जागा सर्वांची असते, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती बहुधा ऐकू येणाऱ्यांनी ऐकू येणाऱ्यांसाठीच रचलेली असते. एस. टी. स्थानकावर गाडीची वर्दी ध्वनिक्षेपक देतो, सभागृहात खुर्च्या एकमेकींकडे पाठ करून मांडलेल्या असतात. कर्णबधिर माणूस तिथे येतो, परंतु सहभागी होत नाही. २०११च्या जनगणनेत देशातील पन्नास लाखांहून अधिक श्रवणबाधित व्यक्तींची नोंद आहे. प्रश्न मूठभरांचा नव्हे.

वैनगंगाकाठच्या पवनीकडे या दृष्टीने पाहावे. घाटावर मोकळा उजेड असतो, नजरेच्या आड भिंत येत नाही. सांकेतिक भाषेला हेच हवे असते. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात २००५पासून वास्तुविशारद हॅन्सेल बाउमन यांच्या पुढाकाराने 'डेफस्पेस' हा रचनाविचार विकसित झाला. त्याची सूत्रे साधी आहेत: वर्तुळाकार बैठक, डोळ्यांवर न येणारा प्रकाश, दोघांना खुणा करीत बरोबरीने चालता येईल एवढी रुंद वाट. यांतले काय पवनीला परवडणार नाही?

याच गावी १९६९-७०च्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष सापडले. तिथल्या काही शिल्पांवर ब्राह्मी अक्षरांत नावे कोरलेली आहेत. सांगायचे ते डोळ्यांना सांगावे, ही रीत येथे दोन हजार वर्षांची आहे.

मुद्दा केवळ सौजन्याचा नाही. गोसीखुर्द धरण पवनी तालुक्यातच आहे. २०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या महापुराने भंडारा जिल्ह्याला वेढले होते. अशा वेळी इशारा केवळ भोंग्यातून दिला, तर तो ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापुरता दिलाच गेला नाही. दिव्यांगांना आपत्तीत समान संरक्षण मिळावे, असे २०१६चा कायदा सांगतो. भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा आणि ठळक फलक लावणे अवघड नाही.

तरीही दगडविटांनी पूल बांधला जात नाही. अमेरिकेतील मार्थाज् व्हिनयार्ड बेटावर एकोणिसाव्या शतकात आनुवंशिक बहिरेपण पुष्कळ होते. तिथे ऐकू येणारेही सहजपणे खुणांनी बोलत. म्हणून बहिरेपण हे एकाकीपण ठरले नाही. घाटावर गोल बैठक जरूर बांधावी, पण तिथे बसणाऱ्या ऐकत्या माणसाने चार खुणा शिकून यावे. जुळवून घेण्याचे ओझे आजवर एकाच बाजूने वाहिले आहे.