मागच्या आसनावरचा नायक

ॲलन पार्कर दिग्दर्शित ‘मिसिसिपी बर्निंग’ हा चित्रपट १९८८च्या डिसेंबरात पडद्यावर आला. जीन हॅकमन यांचा अभिनय आणि ऑस्कर मिळवणारे छायाचित्रण यांमुळे तो आजही प्रेक्षकाला खिळवून ठेवतो. आरंभीच रात्रीच्या काळोखात एक मोटार धावताना दिसते. ती गोरा तरुण चालवत आहे, कृष्णवर्णीय सहकारी मागे बसला आहे. श्रेयनामावलीत त्याला नावदेखील नाही. ‘कृष्णवर्णीय प्रवासी’ एवढीच त्याची ओळख.

ज्या घटनेवर चित्रपट बेतला आहे, त्या घटनेत, २१ जून १९६४ रोजी, मोटार चालवत होता जेम्स चेनी. मेरिडियन गावचा अवघ्या २१ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण. सोबत मायकेल श्वर्नर आणि अँड्र्यू गुडमन हे न्यूयॉर्कचे दोन ज्यू तरुण. कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळावा म्हणून ते झटत होते. क्लू क्लक्स क्लानने जाळलेल्या चर्चची पाहणी करून परतताना उपशेरीफने वेगमर्यादेचे निमित्त करून त्यांना अडवले, कोठडीत टाकले, रात्री सोडले आणि मारेकऱ्यांच्या हवाली केले. ४४ दिवसांनी तिघांचे मृतदेह एका मातीच्या धरणात सापडले. आपला मुलगा चेनीशेजारीच चिरविश्रांती घेवो, ही श्वर्नरच्या मातापित्यांची इच्छा होती. मिसिसिपीतील वर्णभेदाने तीही पुरी होऊ दिली नाही.

चित्रपटात मात्र सारा पराक्रम एफबीआयच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा. कृष्णवर्णीय समाज भेदरलेला, मुका, कुणीतरी येऊन सोडवील याची वाट पाहणारा. कोरेटा किंग यांनी यावर जाहीर टीका केली, ती सर्वस्वी रास्त होती. याच एफबीआयचे प्रमुख एडगर हूवर यांनी १९६४च्या नोव्हेंबरात मार्टिन ल्यूथर किंग यांना देशातला सर्वांत कुख्यात खोटारडा म्हटले होते!

अमेरिकेच्या दांभिकतेवर टोमणा मारण्याचा मोह अशा वेळी होतो. तो आवरलेला बरा. वंचित वस्त्यांतील सेवाकार्याचे आपले वृत्तांत एकदा काढून वाचावेत. त्यांत कार्यकर्त्याचे नाव ठळक असते, वस्तीतल्या माणसाचे किती वेळा असते?

न्यायाची कथा तर चित्रपटाहून विदारक आहे. मिसिसिपी राज्याने खुनाचा खटलाच भरला नाही. १९६७ साली संघराज्याच्या न्यायालयात १८७०च्या कायद्याखाली सातजण दोषी ठरले. कुणालाही १० वर्षांहून अधिक शिक्षा झाली नाही. कटाचा सूत्रधार एडगर रे किलन सुटला, कारण एका ज्यूरी सदस्येला धर्मोपदेशकास दोषी ठरवणे मानवेना.

गंमत अशी की, हे प्रकरण पुन्हा उकरले गेले ते याच सदोष चित्रपटामुळे. १९८९च्या जानेवारीत जॅक्सन शहरातील ‘क्लॅरियन-लेजर’चे वार्ताहर जेरी मिचेल यांनी तो पाहिला. खुनाबद्दल कुणावरही खटला झालेला नाही, हे कळताच ते कामाला लागले आणि वर्षानुवर्षे चिकाटीने लिहीत राहिले. पत्रकारितेच्या व्यवसायातल्या माणसाला याचा अभिमान वाटतो, हे लपवत नाही. २००५ साली, बरोबर २१ जूनलाच, ८० वर्षांचा किलन सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला. ६० वर्षांची शिक्षा भोगत असताना २०१८ साली तो तुरुंगातच मेला.

त्या खटल्यात साक्ष द्यायला चेनीची वृद्ध माता फॅनी ली चेनी आल्या होत्या. धमक्यांमुळे त्यांना मिसिसिपी कधीच सोडावे लागले होते. मुलाची समाधी मात्र मेरिडियनजवळच राहिली. तिच्या शिळेची इतक्यांदा मोडतोड झाली की, ती उभी राहावी म्हणून मागून पोलादी टेकू द्यावे लागले आहेत.