तहानेच्या नावाखाली पाण्याची लूट

शहराची तहान मोठी की शेताची, असा प्रश्न भांडवली वृत्तपत्रे साळसूदपणे विचारतात आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळी होतात: आधी माणूस, मग पीक. पिण्याच्या पाण्याचा अग्रहक्क आम्हाला मान्यच आहे. कोणत्याही शेतकऱ्याने तो नाकारलेला नाही. परंतु या अग्रहक्काच्या बुरख्याआड सिंचनाचे पाणी कोणाच्या हाती जाते, हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्यांना सरकारने बंदुकीने उत्तर दिले आहे.

डिसेंबर १९९९ मध्ये गुजरातेत कंकावती धरणाचे पाणी जामनगर शहरासाठी राखून ठेवण्यास विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर फल्ला येथे गोळीबार झाला. तिघे ठार झाले. जून २००५ मध्ये राजस्थानात बिसलपूर धरणाच्या पाण्यात आपला वाटा मागणाऱ्या टोंक जिल्ह्यातील शेतकऱ्यांवर सोहेला येथे गोळ्या झाडल्या गेल्या; पाच जण मारले गेले. ९ ऑगस्ट २०११ रोजी, ऐन क्रांतिदिनी, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ उतरले. तेथेही तिघांचे बळी गेले. त्यांत एक स्त्री होती. तीन राज्ये आणि निरनिराळ्या पक्षांची सरकारे. गोळीची दिशा मात्र एकच!

मावळचा शेतकरी शहराला पाणी देऊ नका, असे म्हणत नव्हता. पवनेचे पाणी नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत जाते व तेथून शहर ते उचलते. वाहता वाहता ते काठच्या विहिरी जिवंत ठेवते आणि उपसा पंपांना पाणी पुरवते. तेच पाणी धरणातून थेट नळात घातले की नदी कोरडी पडणार, हे समजण्यास अभियंता असावे लागत नाही. ज्यांनी धरणासाठी जमिनी दिल्या त्यांतील अनेकांना अर्धे शतक लोटले तरी पर्यायी जमीन मिळाली नव्हती. गोळीबारानंतर थांबविलेल्या या योजनेवरील स्थगिती २०२३ मध्ये उठविण्यात आली.

पाणी गेले की बागायतदाराचे उत्पन्न घटते. पण त्याच्याकडे खोल विंधनविहीर घेण्याची ऐपत असते. लहान शेतकऱ्याला ती परवडत नाही. तो जिरायतीवर येतो, कर्जात बुडतो आणि अखेर जमीन विकतो. शेतमजुराला तर विकायलाही काही नसते. रब्बीची खुरपणी-कापणी गेली की त्याची मजुरी बुडते, त्याच्या शेळी-म्हशीचा चारा जातो, आणि नुकसानभरपाईच्या यादीत त्याचे नावही नसते. सातबारा नसलेल्याचे पाणी गेले, असे सरकारी कागद मानतच नाहीत.

आणि हे पाणी केवळ शहरी माणसाच्या घशात जाते काय? महाराष्ट्राच्या २००३ च्या जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला दुसरे व शेतीला तिसरे स्थान दिले होते. विदर्भात शेतकरी आत्महत्या करीत असताना अप्पर वर्धा धरणाचे पाणी अमरावतीजवळच्या खाजगी औष्णिक वीजकेंद्राला देण्यात आले. २०११ मध्ये शेतीला कागदोपत्री दुसरे स्थान मिळाले खरे. परंतु त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे नेण्यात आला, आणि मंत्र्यांच्या समितीने आधी केलेले पाणीवाटप कायदेशीर ठरविण्यात आले. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले!

शहरातील कामगाराच्या वाट्याला तरी काय आले? पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीस पाणीपुरवठा दिवसाआड झाला. झोपडपट्टीतील बाई हंडे घेऊन रांगेत उभी असते, टँकरवाला गबर होतो, गृहसंकुलांच्या जाहिरातीत पोहण्याचे तलाव झळकतात. कारखान्यात राबणाऱ्यांपैकी कित्येक जण ज्यांच्या शेतातील पाणी गेले त्यांचीच मुले आहेत. बापाला सांगायचे की शहराने तुझे पाणी चोरले, आणि मुलाला सांगायचे की खेडूत तुझा नळ अडवतात: राज्यकर्त्या वर्गाचा हा जुनाच डाव आहे. शहरी आघाडीवर काम करणाऱ्या साथींनी हा प्रश्न किसान आघाडीचा म्हणून बाजूला ठेवला, तर हा डाव यशस्वी होईल.

तेव्हा आपली भूमिका निःसंदिग्ध असली पाहिजे. प्रत्येक माणसाला, खेड्यात वा शहरात, पिण्याचे पाणी सार्वजनिक व्यवस्थेतून मिळालेच पाहिजे. पिण्याच्या नावाने उचललेले पाणी उद्योगाला व चैनीला देता कामा नये. ग्रामसभांच्या संमतीवाचून सिंचनाचे पाणी वळविता कामा नये. वळविल्यास भरपाई शेतमजुरालाही मिळाली पाहिजे. शहरांनी गळती थांबवावी व सांडपाणी शुद्ध करून शेतीला परत द्यावे. पुणे शहर खडकवासल्याचे पाणी पिते आणि आपले मैलापाणी मुळा-मुठेतून उजनीकडे सोडते, ही देवघेव नव्हे, दुहेरी लूट आहे. त्याचबरोबर लाभक्षेत्रातही मूठभर ऊसबागायतदारांची मक्तेदारी मोडून पाण्याचे समन्यायी वाटप झाले पाहिजे. अन्यथा शेतकऱ्यांच्या नावाने केलेला लढा साखरसम्राटांच्याच पथ्यावर पडेल.

या मागण्या कामगार वस्तीच्या सभेत आणि गावच्या चावडीवर एकाच शब्दांत मांडल्या गेल्या पाहिजेत. पाण्यासाठी कामगार आणि शेतकरी एकमेकांविरुद्ध उभे राहिले, तर पाणी दोघांनाही मिळणार नाही.